माझ्या हातातली कुंडी

ज्या कुंडीवर माझा जीव जडला होता, ती ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी माझ्या हातातून काढून नेली. तीही कमरेत वाकून, अत्यंत नम्रपणे. एवढं वाकलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

हे घडलं जपानमध्ये, सैतामा प्रांतातल्या ओमियाच्या बोन्साय गावात. 1923च्या भूकंपानंतर तोक्योचे बोन्सायवाले इथे येऊन वसले. दरवर्षी 3 ते 5 मे इथे जत्रा भरते आणि रस्त्याच्या कडेने कुंड्याच कुंड्या मांडतात. मी उचललेली पांढऱ्या पॉर्सेलिनची, जेमतेम एक लिंबू मावेल एवढी. अंगावर निळ्या रंगात डोंगर, होडी, होडीत कोळी, कोळ्याच्या हातात केसाएवढा गळ. मी खिशात हात घातलाच होता.

"झाड कुठलं?" शेजारून प्रश्न आला.

"कढीपत्ता."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी तोच होतो. मग खिशातून भिंग निघालं आणि "जरा बघू" म्हणत कुंडी त्यांच्या हातात गेली. इथेच माझा खटला बुडाला.

"कच्च्या भाजलेल्या भांड्यावर कोबाल्टने चितारतात. रंग तिथल्या तिथे शोषला जातो, चुकलेली रेघ पुसता येत नाही. वर झिलई, मग 1300 अंशांच्या आसपास भट्टी. लाल, हिरवा हवा असेल तर झिलईवर पुन्हा चितारायचं, पुन्हा भाजायचं." मी "हाय, हाय" (म्हणजे जपानीत "हो, हो") करत मान डोलवत होतो. पाय भरून आले होते. दुकानदारही ऐकत होता, स्वतःचाच माल पहिल्यांदा पाहिल्यासारखा.

"आणि यात झाड वाढवत नाहीत. वाढवायचं बिनझिलईच्या कुंडीत. यात फक्त प्रदर्शनापुरतं."

म्हणजे पैठणी! लग्नापुरती बाहेर, एरवी कपाटात. "कपाट आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

आजोबा मनापासून हसले आणि हसता हसताच त्यांनी दुकानदाराला नोटा दिल्या. सुटे मोजताना कुंडी धरायला पुन्हा माझ्याच हातात! मी ती धरली. मुकाट्याने.

दुकानदाराने माझी समजूत काढायला खालच्या खोक्यातून छापील नक्षीची एक काढली. चारही बाजूंना तोच कोळी, त्याच कोनात. स्वस्त होती. घेतली नाही.

निघताना आजोबा पुन्हा वाकले. "आधी झाड वाढवा. वीस वर्षांनी कुंडी शोधू."

तेव्हा तुम्ही असाल का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या उद्धटपणाला लागणारं आदरार्थी जपानी मला येत नाही.