‘कोबीला पाणी सुटलं, खिमा रबरासारखा झाला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तव्यावरच्या खिमा-कोबीच्या कृतीवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नेमकी आहे. काय घातलं, किती घातलं, कधी घातलं हे सगळं तुम्ही नोंदवलंत, म्हणून चूक कुठे होतेय ते सांगता येतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अर्धा किलो खिमा आणि कोबीचा एक अख्खा गड्डा २६ सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यावर केला. खिम्याला मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवला होता. तव्यावर पाणीच पाणी झालं, खिमा करडा पडला आणि रबरासारखा लागला, तळाशी काळे कण चिकटले, घरभर कोबीचा उग्र वास पसरला. वीस मिनिटांच्या जागी चाळीस लागली. शिवाय खिमा मध्येच ताटलीत काढायचा असेल तर याला ‘एकाच भांड्यातलं जेवण’ का म्हणायचं, झाकण का नको आणि मीठ शेवटी का, हे तुमचे तीन प्रश्न.

या सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे. तव्यावरचा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा मसाल्यामुळे किंवा वेळेच्या हिशेबामुळे नव्हे. तव्याला वाफ बनवून उडवता येईल त्यापेक्षा जास्त पाणी एका वेळी त्यावर आलं की तो बिघडतो. आकडे मांडून बघू.

कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं. दांडा काढून तुमच्या गड्ड्याचा ८०० ग्रॅम कोबी झाला असं धरू. परतताना त्यातलं एक तृतीयांश पाणी बाहेर आलं तरी ते जवळपास २५० ग्रॅम होतं. अर्ध्या किलो खिम्यातून आणखी १०० ग्रॅम सहज सुटतं. म्हणजे एकूण ३५० ग्रॅम. १०० अंशांवर पोचलेल्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल उष्णता लागते. घरच्या मोठ्या बर्नरवरून तव्याला प्रत्यक्षात १ किलोवॅट मिळते असं धरलं, तर हे पाणी उडायलाच तेरा मिनिटं जातात. त्या तेरा मिनिटांत तव्यावर जे काही आहे ते १०० अंशांच्या वर जात नाही. मांसाला खरपूस तपकिरी रंग आणि तो भाजका वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. आच कितीही मोठी करा, पाणी असेपर्यंत तुमचा खिमा उकडतच राहणार. करडा रंग त्याचाच.

जागेचाही हिशेब आहे. एक सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर अर्धा किलो खिमा जवळजवळ ५०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. २६ सेंटिमीटरच्या तव्याची सगळी जागा त्यातच संपते. वाफेला बाहेर पडायला कडेची मोकळी जागा लागते आणि ती उरलीच नाही. म्हणून कृतीत दोघांसाठी २५० ग्रॅम खिमा, ३०० ग्रॅम कोबी आणि २८ ते ३० सेंटिमीटरचा बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा असं प्रमाण आहे. चौघांसाठी करायचं तर तेच प्रमाण दोनदा करा. दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर होते, कारण तवा तापलेला असतो. तवा भरून केलेली एक खेप या दोन्हींपेक्षा जास्त वेळ खाते आणि चवही घालवते.

आता खिमा रबरी का झाला ते. उकडल्याने तो कोरडा झाला हे खरं, पण रबरीपणाचं मुख्य कारण मीठ आहे. खिम्यात मीठ कालवून ठेवलं की मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळतं, चिकट होतं आणि शिजताना कणाकणाला एकमेकांत घट्ट बांधतं. सॉसेजमध्ये हाच गुण मुद्दाम आणतात. तिथे तो हवाच असतो. तव्यावरच्या सुट्ट्या खिम्यात तो नको. म्हणून मीठ खिमा तव्यावर पसरल्यानंतर वरून भुरभुरायचं. २५० ग्रॅमला अर्धा लहान चमचा पुरतो.

आणि ते काळे कण लसणाचे आहेत. बारीक चिरलेला किंवा वाटलेला लसूण २०० अंशांच्या तव्यावर अर्ध्या मिनिटात करपतो आणि कडू होतो. आलं-लसूण शेवटच्या मिनिटात घाला: मधे थोडी जागा करायची, अर्धा चमचा तेल सोडायचं, त्यात लसूण घालून वास सुटला की लगेच सगळं एकत्र करायचं. मिरपूडही तेव्हाच.

तवा तापवण्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत काही नाही, आणि मला वाटतं इथेच आणखी एक गफलत होते. बीड उष्णता धरून ठेवतं पण ती चहूकडे पसरवायला वेळ घेतं. मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापवलेला तवा मधे लाल व्हायच्या बेतात आणि कडेला कोमट असतो. मध्यम आचेवर चार ते पाच मिनिटं द्या. मग पाण्याचा एक थेंब टाका. तो जागीच चर्र करून आटला तर तवा अजून कमी आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर घरंगळायला लागला की तवा सुमारे २०० अंशांवर गेला. थेंब पूर्ण उडू द्या आणि मगच तेल घाला. चरबी असलेल्या खिम्याला एक लहान चमचा तेल बास. कोंबडीच्या कमी चरबीच्या खिम्याला मात्र एक मोठा चमचा लागतो. तेल रिफाइंड घ्या. लोणी या तापमानाला टिकत नाही, त्यातला दुधाचा अंश आधीच काळा पडतो.

खिमा फ्रीजमधून काढल्यावर कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने वरवर दाबून टिपून घ्या. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. अर्धवट वितळलेला खिमा तव्याला थंड करतो आणि पाणीही सोडतो. तव्यावर तो भाकरीसारखा एक सेंटिमीटर जाडीचा थापा आणि आता तीन मिनिटं हात लावू नका. या पायरीला बहुतेक जण चुकतात. सारखं हलवलं की प्रत्येक वेळी कच्चा, ओला भाग तव्याला लागतो आणि तवा निवतो. कालथ्याची कड खाली घालून बघा. खालची बाजू खरपूस झाली असेल तर ती आपसूक सुटते. ओढावं लागत असेल तर अजून अर्धं मिनिट थांबा. मग चार तुकड्यांत उलटा, मिनिटभर दुसरी बाजू होऊ द्या आणि त्यानंतर कालथ्याने मोकळा करा. एकूण सहा मिनिटं.

कानाकडेही लक्ष द्या. कोरडी, तीक्ष्ण चरचर म्हणजे भाजणं चालू आहे. आवाज खाली येऊन खदखद ऐकू आली की पाणी साचलं. अशा वेळी खिमा कडेला ओढायचा, मधली जागा मोकळी करायची आणि आच वाढवून ते पाणी उडू द्यायचं. उलथत बसलं तर पाणी पुन्हा सगळीकडे पसरतं.

खिमा तरीही पाणी फार सोडत असेल तर एक उपाय आहे. पाव लहान चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून २५० ते ४०० ग्रॅम खिम्याला हलक्या हाताने लावा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांस पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर चढतो. यापेक्षा जास्त सोडा झाला तर साबणासारखी चव येते. सोडा लावलेलं मांस पूर्ण शिजल्यावरही आतून गुलाबी दिसू शकतं, हे माहीत असू द्या. आणि कोबी जांभळा असेल तर सोडा टाळाच, कारण त्याचा रंग आम्लात लाल आणि सोड्यात निळा होतो. निळसर कोबी खायला काही धोका नाही, पण ताटात तो बघवत नाही.

गुलाबी रंगावरून तुम्हाला खिमा कच्चा वाटला आणि म्हणून जास्त शिजवला, असंही तुम्ही लिहिलंय. काळजी रास्त आहे. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून तो आतून पूर्ण शिजायलाच हवा. रंगाचा मात्र भरवसा नाही. खिमा गोळा करून ढीग करा आणि थर्मामीटरची सुई मधोमध खुपसा: मटण, बीफ, पोर्कसाठी ७१ अंश, कोंबडीसाठी ७४ अंश. नीट तापलेल्या तव्यावर मोकळा केलेला खिमा तिथवर सहज पोचतो.

आता कोबी. तुम्ही तो आधी किसणीवर बारीक किसला, मग धुतला. दोन्ही गोष्टींनी पाणी वाढतं. किसताना जास्त पेशी फुटतात, आणि चिरलेल्या कोबीच्या घड्यांमध्ये धुतलेलं पाणी अडकून बसतं. गड्ड्याची बाहेरची पानं काढा, अर्धा कापून धुवा, कापलेली बाजू खाली करून निथळू द्या, टिपून घ्या आणि मग चिरा. पट्ट्या एक सेंटिमीटर रुंद. दांडा काढून टाका आणि पानांच्या जाड शिरा वेगळ्या करून पातळ चिरा, नाहीतर पानं मऊ होतात आणि शिरा कच्च्या राहतात.

खिमा झाला की तो तव्याच्या कडेला गोलाकार सरकवा. तवा ३० सेंटिमीटरचा असेल तर ताटलीची गरजच पडत नाही, कारण कडेची आच कमी असते. लहान तव्यावर मात्र काढून ठेवावाच लागतो. त्याने एक ताटली वाढते, हे तुमचं म्हणणं मान्य. ज्यात कच्चा खिमा होता ती मात्र वापरू नका. ज्यात जेवणार आहात तीच घ्या, म्हणजे जास्तीची धुणावळही नाही.

सुटलेल्या चरबीत कोबी मोठ्या आचेवर पसरा. तळाला तपकिरी थर असेल तर तो राहू द्या. कोबीच्या ओलाव्याने तो सुटतो आणि चव त्यातच असते. थर काळा असेल तर आधी खरवडून टाका. दीड मिनिट न हलवता, मग उलटून दीड मिनिट, मग एक-दोन मिनिटं परतणं. काही कडा गडद तपकिरी, मधला भाग हिरवट आणि दाताखाली किंचित करकरीत असा कोबी हवा. इतक्या थोड्या वेळात उग्र वास येत नाही. कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितकी त्यातली गंधकयुक्त संयुगं सुटत जातात. घरभर पसरलेला वास त्या चाळीस मिनिटांचा आहे.

मीठ शेवटी का, तर मीठ लागताच कोबी पाणी सोडतो. चवीचं मीठ खाली उतरवताना घाला. आधीच घालायचं असेल तर ते पूर्णपणे करा: ३०० ग्रॅमला एक लहान चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, घट्ट पिळा आणि मग परता. तसाही कोबी उत्तम भाजतो, पण मग वरून मीठ घालू नका. मीठ लावून न पिळता तव्यावर टाकणं हा मधला मार्ग सगळ्यात वाईट.

झाकणाला माझा सरसकट विरोध नाही. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत तव्यावर पडते, म्हणून भाजताना ते नको. तुम्हाला कोबी मऊ आवडतो असं दिसतं. तर मग आधी भाजून घ्या, नंतर दोन मोठे चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि एक मिनिटाने काढा. आलेला रंग पाण्याने जात नाही. हाच क्रम उलटा केला तर रंग येतच नाही.

व्हिनेगर किंवा लिंबाचा रस दोन लहान चमचे, गॅस बंद केल्यावर. आंबट आधी घातलं तर कोबी मऊ व्हायला वेळ लागतो आणि हिरवा रंग मळकट होतो. बिडाच्या तव्यावर मुरलेला तेलाचा थरही आम्लाने उतरतो, म्हणून आंबट घातल्यावर पदार्थ तव्यावर ठेवू नका, लगेच वाढा.

नॉनस्टिकवरच करायचं असेल तर कृती थोडी बदलते. तो तवा रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचं आवरण खराब व्हायला लागतं आणि रिकामा तवा तिथे चटकन पोचतो. तेल घालूनच मध्यम आचेवर तापवा, तेलाला बारीक लाटा दिसल्या की खिमा घाला आणि लाकडी कालथा वापरा. रंग थोडा फिका येईल. २६ सेंटिमीटरवर एका खेपेला २०० ग्रॅम खिमा आणि २०० ग्रॅम कोबी, त्याहून जास्त नको.

उरलं तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करतानाही झाकण न ठेवता, तापलेल्या तव्यावर पातळ पसरून तीन-चार मिनिटं, मधोमध ७४ अंश होईपर्यंत.

पुढच्या वेळी सगळं एकदम बदलायला जमलं नाही तर दोनच गोष्टी बदला: प्रमाण निम्मं करा आणि मीठ खिम्यात कालवू नका. तव्याचा आवाज कसा येतो आणि पाणी किती सुटतं ते इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.