तारा दिसतात, पण त्या दाखवल्या कुणी?

सध्या एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचा सारांश असा: १९५०च्या दशकातले सायफाय सिनेमे म्हणजे तारांना टांगलेल्या उडत्या तबकड्या आणि रबरी राक्षस. आत सगळा कम्युनिस्टविरोधी प्रचार, विज्ञानाच्या नावानं आनंदीआनंद, बायका नुसत्या किंचाळणार. आणि आज कुणाला ते आवडत असतील, तर ते निव्वळ स्मरणरंजन.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर निकालात निघतो. स्मरणरंजनाला आधी स्मरण लागतं. अमेरिकेत ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्यावरच्या थिएटरात, हे सिनेमे पाहिलेली पोरं आज ऐंशीच्या आसपास असतील. आपल्याकडच्या तिशी-चाळिशीतल्या चाहत्यांनी ते लॅपटॉपवर सबटायटल्स लावून पाहिलेत. त्यांच्या लहानपणी ‘शक्तिमान’ होता, मंगळावरची यंत्रं नव्हती.

आता तारा. मेसेजसोबत ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’चा (१९५३) एक स्क्रीनशॉट आहे. मंगळावरून हल्ला करायला आलेली तांबूस यानं, आणि वर लख्ख दिसणाऱ्या तारा. हसू येतं, कबूल. पण १९५३च्या प्रेक्षकाला त्या जवळजवळ दिसतच नव्हत्या. तेव्हाच्या टेक्निकलर (रंगीत सिनेमाची त्या काळची पद्धत) प्रिंट किंचित मऊ, गडद असायच्या आणि तारा त्या अंधारात विरून जातील याचा हिशेब करूनच दृश्यं चित्रित झाली होती. साठच्या दशकात दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर नव्या प्रिंट निघाल्या, काळोख उजळला आणि तारा उघड्या पडल्या. व्हिडिओवर आणि डीव्हीडीवर मग तेच आलं. या इफेक्ट्‌सना ऑस्कर मिळालं होतं, ते देणारे काही आंधळे नव्हते. अलीकडच्या फोर-के (अतिस्पष्ट डिजिटल) आवृत्तीत तारा पुन्हा दडवल्यात. थोडक्यात, आपण हसतो ते मूळ कामाला नव्हे, नंतरच्या प्रिंटला.

हाच घोळ रबरी राक्षसाचा. ‘गॉडझिला’ (१९५४) या जपानी राक्षसपटात सूट होता, वाद नाही. नट हारुओ नाकाजिमा तो जवळपास शंभर किलोचा बोजा अंगावर चढवून छोट्या टोकियोची मोडतोड करायचे. (गॉडझिलाची डरकाळी मात्र कुठल्या जनावराची नाही. डबल बासची तार सैल करून तिच्यावर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला, त्यातून ती निघाली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांची करामत.) पण सुटाच्या आत काय आहे ते बघा. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि नौकेचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा लागला, आणि त्याची सुरुवातच एका बोटीपासून होते: खलाशी डेकवर निवांत बसलेत, लखकन उजेड पडतो आणि समुद्र पेटतो. पुढे लोकलमध्ये एक तरुणी अगदी सहज बोलून जाते की नागासाकीतून कशीबशी वाचले होते. टोकियो जळत असताना एक आई पोरांना कवटाळून सांगते, आता आपण बाबांकडेच जाणार. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः युद्धावरून परतताना हिरोशिमातून आले होते.

बाहेरच्या जगानं यातलं किती पाहिलं? १९५६ची अमेरिकी आवृत्ती ९६ मिनिटांवरून ८० मिनिटांवर आणली गेली, त्यात रेमंड बर हा नट अमेरिकी पत्रकाराच्या भूमिकेत घुसवला आणि नागासाकीचं वाक्य गाळलं. ‘गॉडझिला म्हणजे पोरखेळ’ हे मत बऱ्याच जणांचं या कापाकापीवर बनलंय.

प्रचाराचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही, तसे सिनेमे भरपूर निघाले. पण मेसेजमध्ये उदाहरण दिलंय ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’चं (१९५६). शेंगांतून माणसांच्या हुबेहूब, भावनाशून्य नकला निघतात. यात कुणाला कम्युनिस्ट दिसले, कुणाला कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या धाकानं एका सुरात बोलणारे शेजारी. दिग्दर्शक डॉन सीगल यांच्या मनातला शेवट होता नायक हायवेवर गाड्यांना थोपवत ‘आता तुमचा नंबर!’ असं ओरडतोय तिथं. स्टुडिओ घाबरला, त्यानं मागेपुढे हॉस्पिटलचा प्रसंग जोडला आणि एफबीआयला (अमेरिकी सरकारची तपास यंत्रणा) फोन लावून प्रेक्षकाला दिलासा दिला. म्हणजे सरकार वाचवेल हा सूर वरून चिकटवलेला. आणि ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मध्ये (१९५१) परग्रहवासी वॉशिंग्टनमध्ये उतरून भेटवस्तू पुढे करतो, तर घाबरलेला सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना हॉलिवूडनं हे दाखवलं! याला कुणाचा प्रचार म्हणायचं?

विज्ञानावर फार वेळ घालवत नाही. माणूस चंद्रावर उतरण्याच्या १९ वर्षं आधी, १९५०मध्ये, ‘डेस्टिनेशन मून’ आला. त्यात परतीसाठी इंधन कमी पडतं आणि यानातलं सामान फेकून वजन उतरवावं लागतं, सगळं नाट्य या एका गणितावर उभं. चंद्राची जमीन सुकलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली आहे, ती चूकच. पाण्याविना चिखल कुठला? पण गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलेला ‘रोबॉट मॉन्स्टर’ दाखवून सगळ्या दशकाचा निकाल लावायचा असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

राहिल्या किंचाळणाऱ्या बायका. बहुतेक सिनेमांत तसंच आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पडद्यामागेही फार वेगळं नव्हतं: ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधल्या प्राण्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक यांनी रेखाटलं आणि श्रेय मेकअप विभागाचा प्रमुख घेऊन गेला. तरी ‘देम!’ (१९५४) बघाच. अणुचाचणीनं राक्षसी झालेल्या मुंग्यांचा हा सिनेमा. डॉ. पॅट मेडफर्ड ही मुंग्यांची तज्ज्ञ. पहिली मुंगी समोर येते तेव्हा ती किंचाळते, हो. कुणीही किंचाळेल. पण वारुळात उतरायची वेळ येते आणि नायक ‘बाईमाणसाचं काम नाही’ म्हणतो, तेव्हा आत काय शोधायचं हे कळणारं कुणीतरी हवं असं सुनावून ती त्याच्यासोबत उतरते. आणि राणीचं दालन सापडल्यावर ‘जाळा, इथलं सगळं जाळा’ हा हुकूम तिचाच असतो.