ऑटोक्लेव्हमधला खरवस

आज शनिवार, दुपारी दोन वाजता लोकं जेवून आडवी झालेली असतात आणि मी आमच्या लॅबच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा मोठा कुकरच म्हणा) अर्धी वाकून चमच्याने अगार, म्हणजे ती जेलीसारखी जमणारी वस्तू, खरवडत होते. हो, चहाच्या चमच्याने. झालं असं की काल रात्री कुण्या महाभागाने मीडियाची (जंतू वाढवायचं अगारवालं खाद्य) बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण गच्च पिळलं आणि ठेवली आत. अरे झाकण सैल ठेवायचं असतं हे पहिल्या दिवशी सांगतात ना, मशीनवर मोठ्या अक्षरात कागद पण चिकटवलाय (तोही मीच). १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, बाटली फुटली, सगळं मीडिया तळातल्या पाण्यात. आणि साहेबांनी काय केलं, तर स्वतःच्या धड राहिलेल्या दोन बाटल्या उचलल्या आणि गेले घरी! ग्रुपवर एक शब्द नाही. रात्रभरात ते सगळं गार होऊन कॉइलभोवती मस्त खरवसासारखं जमलं. बरं, अगार एकदा जमलं की चांगलं ८५-९० डिग्रीला नेल्याशिवाय वितळत नाही, आणि इथे तापवणार कशाने तर त्याच कॉइलने, म्हणजे करपून कायमचं चिकटणार. मग बसा खरवडत. मध्ये मध्ये काचा. दोन तास गेले माझे. आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा तो वास, ज्यांनी एलबी नावाचं हे मीडिया बनवलंय त्यांना कळेल, केसांत जाऊन बसतो, बसमध्ये शेजारची बाई हळूच सरकून बसली.

पूर्वी आमच्या लॅबमध्ये मदतनीस मामा होते. सगळं तेच बघायचे, ते रिटायर झाले, जागा काही भरली नाही. सर म्हणाले आपण सगळे मिळून करू. झालं! फ्रिजवर ड्युटीचा तक्ता लागला, पहिले दोन आठवडे टिकमार्क पडले, नंतर बारभाईंची शेती. आता त्या तक्त्यावर कुणीतरी पिझ्झावाल्याचा नंबर लिहिलाय. आणि सगळे मिळून म्हणजे मी, कारण मला बघवत नाही, हाच माझा गुन्हा.

मायनस ८० फ्रीझरचंच घ्या, म्हणजे उणे ८० डिग्रीला सेल्स (पेशी) वगैरे ठेवतो तो. त्याच्या पुढच्या बाजूला एक जाळी असते, धूळ अडवणारी, ती काढून नळाखाली धुवायची, वाळवायची, लावायची, पंधरा मिनिटांचं काम आहे. नाही धुतली की कॉम्प्रेसर तापतो आणि फ्रीझर केकाटायला लागतो. मी आले तेव्हा त्या जाळीवर गोधडी होती धुळीची. आणि दार? दहा मिनिटं दार सताड उघडं ठेवून हे लोक ट्यूब शोधणार, कारण बॉक्सवर नाव लिहायला हात दुखतात, मग दमट हवा आत जाऊन रबराला बर्फ धरणार, दार नीट लागणार नाही, अजून बर्फ. पुण्यात गुरुवार म्हणजे लाईट जाणारच, जनरेटर लागेपर्यंत जीव माझा खालीवर, आणि यांचं काय तर "अगं माझे सेल्स ठीक आहेत ना?" तुझे सेल्स तू बघ ना बाबा!

पीएच मीटरबद्दल तर बोलायलाच नको. त्याचा इलेक्ट्रोड केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइड) पाण्यात ठेवायचा असतो, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, कोरडा तर नाहीच नाही. मग रीडिंग सरकत राहतं आणि म्हणतात मीटर खराब आहे, नवीन घेऊ. घ्या, पैसे झाडाला लागलेत.

आणि लिक्विड नायट्रोजन. ते आपोआप उडून जातं, दर आठवड्याला कॅनमध्ये भरावंच लागतं, त्याला तुमची सुट्टी, दिवाळी, वायवा काही कळत नाही. एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो, बंद जागेत ऑक्सिजन कमी पडून माणूस आडवा होऊ शकतो, म्हणून भरलेला कॅन लिफ्टमध्ये एकटा पाठवायचा आणि आपण जिन्याने पळायचं. मागच्या मंगळवारी मी तीन मजले धापा टाकत वर पोचले, लिफ्टचं दार उघडलं तर आत कॅनशेजारी एक पोरगा उभा, कानात इअरफोन, मोबाईल बघतोय. कॅनवर बोर्ड अडकवलाय हो, आत येऊ नका म्हणून. मला म्हणतो "काय मस्त गार आहे ना." 😐

खरं सांगायचं तर मीही पहिल्या वर्षी अशीच होते. पिपेटला लावायच्या टिप्सचे डबे रोज भरलेले असायचे, ते कोण भरतं हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मामांना कधी थँक्यू म्हटल्याचं पण आठवत नाही, त्याची लाज वाटते आता. पण म्हणून मी मामा व्हायचं का? सोमवारच्या मीटिंगला मला विचारतात "या आठवड्यात डेटा कमी दिसतोय." कमी दिसणारच ना सर, तुमच्या लाडक्याचा डेटा ज्या अगारच्या प्लेट्सवर आलाय त्या मी ओतून बनवल्यात! आणि इन्क्युबेटरमध्ये (प्लेट्स उबेत ठेवायची पेटी) बुरशी आली की पहिला फोन मला, "तू साफ नव्हता केला का?" चांगली प्लेट आली की त्यांचे हात चांगले, बुरशी आली की माझी.

एवढं खरवडून ऑटोक्लेव्ह चालू केला तर कॉइल तापतच नाहीये, गेली बहुतेक. फोटो काढून ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी बघितलं, दोघांनी रडणारा इमोजी टाकला, आणि एकाने विचारलंय की मग सोमवारी माझं मीडिया कधी होईल. मेकॅनिकला मी फोन करणार नाहीये. नंबर फक्त माझ्याकडेच आहे, पण करणार नाहीये.