टायरवर छापलंय तेवढी हवा? नको!

थारवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मोठे टायर टाकलेत? दारावरचं हवेच्या आकड्याचं स्टिकर विसरा. टायरवर छापलीय तेवढी हवा भरा. दुपारी तापले की थोडी काढा. चिखलाच्या ट्रेलला निघताना घरूनच 15 करा.’

छापलेल्या आकड्यापासून सुरू करू. एलटी (म्हणजे लाइट ट्रकचा) 265/75 आर16, लोड रेंज ई (जास्त वजन पेलणारा) या टायरवर 80 पीएसआय छापलेलं असतं. ते एका टायरने साधारण 1,550 किलो पेलण्यासाठी. थार माणसं-सामानासकट अडीच टन धरली, तरी एका चाकावर सरासरी सव्वासहाशे किलो येतात. 80 भरलीत तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकेल, ओल्या घाटात ब्रेक लांबेल आणि कंबरेचं काय होईल ते सांगायला नकोच.

मग किती? स्टिकरचा आकडा मूळ टायरचा, हे खरं. पण सुरुवात तिथूनच करायची. एलटी टायरला तेवढ्याच वजनाला कारच्या टायरपेक्षा थोडी जास्त हवा लागते, म्हणून ‘मोठा टायर, कमी हवा’ हेही सरसकट चालत नाही. टायर कंपनीचा लोडचा तक्ता (किती वजनाला किती हवा) बघा, आणि मग खडू घ्या. सकाळी, टायर थंड असताना, ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढा. सपाट डांबरावर तीस-चाळीस मीटर सरळ जा. फक्त मधला खडू पुसला तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी. माझ्या गाडीला 45 वर दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र राहिल्या; पुढे 32, मागे 30 वर रेघ सारखी पुसली. माझे आकडे उचलू नका, खडू उचला. मात्र खडू काहीही म्हणो, तक्त्यातल्या तुमच्या वजनाच्या आकड्याखाली जायचं नाही.

दुपारी हवा काढणं तर उलटंच. स्टिकरचा आकडा थंड टायरचाच असतो. चालल्यावर वाढणार हे त्यात धरलेलं आहे. गरम टायरची काढलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढी कमी भरेल. कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो.

राहिले 15. चिखलात, वाळूत हळू चालताना उपयोग होतो, कारण टायर लांबट टेकतो. पण घरूनच तसे निघालात तर डांबरावर साइडवॉल (टायरची बाजू) तापेल, आणि जोरात वळवलंत तर टायर रिममधून निसटेल. सह्याद्रीतल्या काळ्या दगडांत फुगलेली साइडवॉल आधी कापली जाते, ते वेगळंच. हवा काढायची तर ट्रेलच्या तोंडाशी, आणि कॉम्प्रेसर डिकीत असेल तरच.