शहराचा कायापालट चालू आहे, जरा बाजूने जा

आज सकाळी सासूबाईंना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर, म्हणजे घरापासून एक चौक. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. वॉकर घेऊन निघालो आणि फुटपाथच्या तोंडाशीच अडकलो.

तिथे रातोरात खांब उगवलेत. स्टीलचे, चकचकीत, तोंड दिसेल इतके. दुचाक्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून म्हणे. दोन खांबांतून सडपातळ माणूस पोट आत घेऊन पलीकडे जाईल एवढी फट. वॉकर जात नाही. सरळ जात नाही, तिरका जात नाही. घडी केली तर जातो, पण मग आईंनी धरायचं कशाला? खांबाला? त्या म्हणाल्या, "धरते की," आणि खरंच धरला. तो हलला. कालच ओतलेलं सिमेंट, ओलंच होतं.

एवढ्यात एक स्कूटरवाला शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या उतारावरून आरामात फुटपाथवर आला. आमच्यापर्यंत आला. पुढे खांब, मधे आम्ही. त्याने हॉर्न वाजवला. आम्हाला! आई म्हणाल्या, "अगं, त्याला जाऊ दे आधी, ऑफिसला उशीर होत असेल बिचाऱ्याला." मी त्या बिचाऱ्याला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही, पण समोरच्या दुकानदाराने शटर अर्ध्यावर थांबवून ऐकलं.

खांब बसवणारा मुलगा तिथेच घमेलं घेऊन उभा होता. त्याला विचारलं, की बाबा, यातून म्हाताऱ्या माणसाने जायचं कसं? तो म्हणाला, "डिझाइन वरून आलंय मॅडम." वरून! आमच्या गल्लीत वरून आजवर फक्त कबुतरांचं आलंय. त्या मुलाशी भांडून उपयोग नव्हता, तरी मी भांडले. मग आईंना खाली रस्त्यावर उतरवलं आणि टेम्पो, हातगाडी, पीएमटी यांच्या कडेकडेने पोचलो. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता पुढच्या आठवड्यात या.

परत येताना कामाभोवती लावलेल्या पत्र्यांवरचं चित्र नीट पाहिलं. 'पेठांचे पुनरुज्जीवन'. संगणकावर काढलेलं. वडाएवढी झाडं, काचेसारखा फुटपाथ, फुगा घेतलेलं पोर, आणि कुत्र्याला फिरवणारी एक गोरीपान बाई. नारायण पेठेत कुत्रं माणसाला फिरवतं, पण असो. त्या चित्रात एकही दुचाकी नाही. भाजीची पिशवी घेतलेलं कोणी नाही. म्हातारं तर कोणीच नाही. पुनरुज्जीवन म्हणजे आधी आम्ही मेलो असं धरून चाललेत की काय?

आता विषय निघालाच आहे तर सगळंच काढते. फुटपाथला आधी सिमेंटचे ठोकळे. मग ते उपटून फरशी. मग पाण्याची लाइन, मग केबल, मग ड्रेनेज, आणि दर वेळी वर मुरूम टाकून पळ. सुशोभीकरण नावाचा फलक दिसला की माझं बीपी वाढतं, कारण पाठोपाठ जेसीबी येतो. आणि ते सिमेंटचे रस्ते! जुना थर न खरवडता वर नवा ओतायचा. रस्ता वर वर चाललाय आणि जुने वाडे खाली खाली. पूर्वी आमच्या दारात दोन पायऱ्या चढून यायचं, आता एक पायरी उतरून येतो. पाऊसही तसाच उतरून येतो, त्याला कोणी खांब घालत नाही.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत पुण्याचा नंबर दुसरा आला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मग कळलं की निवडलेला भाग औंध, बाणेर, बालेवाडी. पेठांना पेढेच. शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या शेवटी मेट्रोसाठी 'तात्पुरतं' वाकडेवाडीला गेलं. मेट्रो आली, धावली, स्टँड तिकडेच. विद्यापीठाच्या चौकातला उड्डाणपूल बांधला काय, २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाडला काय, त्यावर बोलायला लागले तर आज कुकर लागायचा नाही.

मेट्रोवरही मी पाच-सहा वर्षं यथेच्छ तोंडसुख घेतलं. मंडईला जायचं म्हणजे पत्र्यांमधून, चिखलातून, धुळीतून. भुयारात काय सोनं सापडणारे, असं चारचौघांत विचारायचे. आता सांगायला लाज वाटते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून सोलापूरची नणंद असो की नागपूरचा भाचा, मी प्रत्येकाला आधी तिथेच नेते. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन ३३ मीटर खोल आहे, असं इतक्या अभिमानाने सांगते जणू कुदळ मीच मारली. भाचा म्हणाला, "मामी, तुझा तर विरोध होता ना?" म्हटलं, आहेच. सरकता जिना मात्र छान आहे.

मंडईचंही असंच. १८८६ ला इमारत उभी राहिली, त्याआधी नगरपालिकेत जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. पुढे तिलाच त्यांचं नाव. पुण्यात विरोध करणाऱ्याचं शेवटी हे असं होतं.

आणि वर्षातून एकदा, ११ डिसेंबरला, लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करतात. ढोल, रांगोळ्या, सेल्फी. रस्त्यावर चालायचं म्हणजे सणासारखं. १२ डिसेंबरला सकाळी तीच माणसं त्याच फुटपाथवर गाड्या लावून खरेदीला.

राहिले वाडे. शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, म्हणून तिकडचे वाडे टेकू लावून उभे. इतिहास जपायचा तर जपा, पण त्या टेकूंखाली माणसं राहतात. १०० मीटरच्या बाहेर मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांचं जमेना म्हणून कोर्टात. जमलंच तर आमच्या शेजारी झालं तसं होतं. चौक, हौद, पारिजातक, सगळं गेलं. खाली दुकानं, वर फ्लॅट, गाड्यांसाठी लिफ्ट. आणि नाव? अमुक-अमुक 'वाडा'! माहितीपत्रकात लिहिलंय, 'जुन्या पुण्याचा अनुभव'. जुन्या पुण्याचा अनुभव हवा तर आमच्याकडे या, सकाळी सहाला पाणी भरायला.

त्यांचा सॅम्पल फ्लॅट रविवारी उघडतोय. मी जाणार आहे. घ्यायची ऐपत नाही, पण एसी आहे, कॉफी फुकट आहे, आणि सगळ्या गल्लीत अजून न खणलेली जमीन तेवढीच आहे.