डोंगर लागवडीखाली आणणाऱ्यांसाठी थोडे मार्गदर्शन

गेल्या आठवड्यात साताऱ्याला झालेल्या एका समारंभात आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांना प्रगतशील शेतकरी म्हणून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देण्यात आले. जावळी तालुक्यातला चार एकर पडीक डोंगर त्यांनी लागवडीखाली आणला, असे निवेदकाने सांगितले आणि सर्वांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. त्याच पहाटे गव्यांच्या कळपाने माझे कापणीला आलेले भात तुडवून टाकले होते, त्यामुळे माझ्या टाळ्यांना जरा उशीर झाला एवढेच. आपल्यालाही असा सत्कार हवा असल्यास पुढील सूचना उपयोगी पडतील.

प्रथम सातबारा पाहावा. आपल्या मालकी रानाची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, अशी असेल, तर मनाला लागणारी टोचणी आपोआप कमी होते. या पोटखराब्याने आजवर कोणाचे पोट खराब केले नव्हते. उलट आषाढात कणगी तळाला गेली की आमची आजी तिथूनच भारंगी, शेवळे आणि करटोली या रानभाज्या आणून घर चालवीत असे. परंतु अशा उत्पन्नाची पावती मिळत नसल्यामुळे ते हिशेबात धरू नये.

वृक्षतोडीच्या 1964 च्या कायद्याला घाबरू नये. त्याच्या यादीत हिरडा, ऐन आणि जांभूळ आहेत खरे, पण रात्रीत कोळसा झालेल्या झाडाची जात कोण विचारतो?

त्यानंतर जेसीबी सांगावा. 1659 मध्ये ज्या जावळीच्या रानात अफझलखानाच्या फौजेची दाणादाण उडाली, ते रान आता दोन दिवसांत मोकळे होते.

गव्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही. त्यांचा चारा आणि आडोसा आपण काढून घेतला की ते खालच्या शेजाऱ्याच्या भातात उतरतात, आणि पंचनाम्यासाठी हेलपाटेही तोच शेजारी घालतो.

मधमाश्यांची काळजी तर मुळीच करू नये. सातेरी माशी जुन्या झाडांच्या ढोलीत राहते, ते झाड आपण विकलेले असते. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर ती वर्ष काढते, तोही आपण जाळलेला असतो. 7-8 वर्षांतून एकदा फुलणारी कारवीची झुडपे तर आपण पाचटासारखी ओढून टाकलेली असतात. मग त्या उघड्या डोंगरावर मल्चिंग पेपर अंथरून स्ट्रॉबेरी लावावी आणि फळ वाकडे का येते, म्हणून औषधांच्या दुकानदाराला विचारत बसावे. स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या ज्या बारीक बियांना पराग मिळत नाही, त्यांच्याभोवतीचा गर भरत नाही आणि फळ वेडेवाकडे होते, हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याच्याकडे यावर बाटली नाही. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर 2022 मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, आणि इकडे आम्ही माश्यांच्या पेट्या भाड्याने मिळतील का, याची चौकशी करीत आहोत! ज्या उतारावर पूर्वी नाचणी आणि वरई होत असे, तिथेही आता हेच लाल फळ आले. ते मुंबईला जाते आणि आपण रेशनच्या गव्हासाठी अंगठा लावायला रांगेत उभे राहतो. जगात अन्नासाठी सुमारे 6,000 वनस्पतींची लागवड होते आणि त्यांपैकी अवघी 9 पिके एकूण उत्पादनाचा 66 टक्के भाग उचलतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2019 मध्ये सांगितले. त्या नऊंपैकी एखाद्यावर रोग आला, तर आजीची करटोली शोधायला कोणत्या डोंगरावर जायचे, हेही त्या निवेदकाने व्यासपीठावरून सांगायला हवे होते.

पहिल्या वर्षीचे जोमदार पीक पाहून मात्र अवश्य फोटो काढून ठेवावेत, कारण ती करामत आपल्या हातची नसून शेकडो वर्षे कुजलेल्या पाल्याची असते. आमच्या शेजाऱ्यांच्या उतारावरचा तो काळा थर दोन पावसाळ्यांत ओढ्याने खाली गेला, आता तिथे तांबडा मुरूम दिसतो आणि खताच्या गोण्या दुपटीने लागतात. पुढच्या वर्षी हा तुकडा पडीक टाकून वरचा आणखी दोन एकर काढायचा, असा त्यांचा विचार आहे.

भाऊ, आता मार्गदर्शन पुरे. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगावावर डोंगर कोसळला, तेव्हा मदतीची भाकरी घेऊन आपण दोघे एकाच टेम्पोतून गेलो होतो. तिथला चिखल तुम्ही डोळ्यांनी पाहिलात आणि तरीही तुम्ही भर पावसाच्या तोंडावर कारवी मुळासकट उपटलीत? ज्या कारवीच्या मुळ्यांनी तुमच्या आणि माझ्या घरामागची दरड धरून ठेवली होती, ती कारवी? तुमच्यावर कर्ज आहे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आहे, हे मला ठाऊक आहे, माझ्यावरही आहे. पण तुम्ही विकलेत ते फक्त तुमचे नव्हते. ज्यांनी शाल घातली त्यांच्यापैकी एकानेही तो डोंगर चढून पाहिला नाही, याची त्यांना लाज वाटली पाहिजे, आणि सगळे ठाऊक असून टाळ्या वाजवल्या याची मला वाटते. माझ्या आजोबांनी दगडांनी बांधून काढलेला झरा पूर्वी वैशाखातही वाहत असे. यंदाच्या उन्हाळ्यात तो फाल्गुनातच आटला होता. येत्या चैत्रात वाडीला टँकरसाठी अर्ज करावा लागेल. अर्ज मी लिहीन, पण त्यावर पहिली सही तुम्ही करायची.