वॉलेट कंपन्यांनो, आधी तुमच्या खऱ्या मेलमधल्या लिंका बंद करा

काल रात्री साडेदहाला आईचा फोन, आवाज पार घाबरलेला. "अगं माझं वॉलेट २४ तासांत बंद होणार म्हणे, केवायसी करा असा मेल आलाय, दाबू का बटण?" नशीब विचारलं तरी! आयुष्यभर शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई, पेन्शन ज्या खात्यात येते तेच या वॉलेटला जोडलेलं, आणि कोणीतरी हरामखोर तिला झोपायच्या वेळेला घाबरवतोय. डोकंच फिरलं माझं.

म्हटलं कशाला हात लावू नकोस, आधी मला फॉरवर्ड कर. लॅपटॉपवर उघडला तर लोगो तोच, रंग तोच, खाली ऑफिसचा पत्तासुद्धा बरोबर. पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं पण मेल आयडी भलताच. बटणावर माउस नुसता नेला, क्लिक न करता, तर खाली लिंक दिसली, सुरुवातीला कंपनीचं नाव आणि शेवटी कुठलंतरी डॉट टॉप. लिंकमध्ये सुरुवातीच्या https:// नंतर जो पहिला स्लॅश येतो त्याच्या आधीचा शेवटचा तुकडा बघायचा असतो, त्या तुकड्याच्या अलीकडे काय वाट्टेल ते नाव लावता येतं. पण हे आईला फोनवर रात्री पावणेअकराला कसं समजवायचं?

आणि खरा संताप पुढेच आहे. त्याच कंपनीचा गेल्या महिन्यातला खरा मेल शोधून बाजूला लावला. त्यातही "प्रिय ग्राहक", त्यातही "केवायसी लगेच अपडेट करा", त्यातही भलंमोठं बटण, आणि लिंक कंपनीच्या साइटची नाहीच, मेल पाठवणाऱ्या कुठल्यातरी तिसऱ्याच सर्व्हिसची, कारण यांना कोणी किती क्लिक केलं ते मोजायचंय! म्हणजे तुम्हीच लोकांना बटण दाबायची सवय लावणार आणि पैसे गेले की वर "अनोळखी लिंकवर क्लिक करू नका" म्हणून आम्हालाच शहाणपण शिकवणार? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला लावलं, चांगलंच केलं, निदान बँकेचा पत्ता ओळखायला एक खूण झाली. पण मेलमध्ये बटणच नको ना! "आमचं ॲप उघडून बघा" एवढं एक वाक्य लिहायला काय जातं यांचं?

मग म्हटलं रिपोर्ट तरी करू. ॲपमध्ये तक्रारीचे पर्याय काय तर पेमेंट अडकलं, रिफंड, कॅशबॅक. खोटा मेल आला हा पर्यायच नाही. चॅटवर बॉट, त्याच्यानंतर वीस मिनिटांनी माणूस, तो म्हणतो "मॅडम, इग्नोर करा." इग्नोर करा?? अहो मी केलं, पण हाच मेल अजून किती जणांच्या आयांना गेला असेल! खूप भांडल्यावर एक मेल आयडी दिला, तिथून उत्तर आलं की हेडर (मेल कुठून कसा आला याची आतली माहिती) नाहीत, परत पाठवा. नुसतं फॉरवर्ड केलं की मूळ हेडर गायब होतात, अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करावं लागतं, हे तुमच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहा की! शेवटी आईच्या जीमेलमधून तीन टिंबांत जाऊन रिपोर्ट फिशिंग केलं, सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, पण अटॅचमेंट लावून पाठवलं.

पैसे गेले असते तर सरळ १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावला असता, तिथे जेवढं लवकर सांगाल तेवढी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. आईच्या फोनमध्ये तो नंबर सेव्ह करून दिलाय, आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही हे पुन्हा एकदा सांगितलंय.

आज सकाळी कंपनीचा मेल. "तुमची तक्रार बंद केली आहे, अनुभव कसा वाटला?" खाली बटण. माउस नेला, लिंक पुन्हा त्याच तिसऱ्या सर्व्हिसची.